गळ टाकायची जागा

टेलरची पाठ गेली तेव्हा त्याचं वय अठ्ठावन्न होतं. गेली म्हणजे काय, एका सकाळी कोटाचं अस्तर बेतायला तो टेबलावर वाकला आणि वाकलेलाच राहिला. डॉक्टरांनी त्याला दोन्ही खांद्यांना धरून हळूहळू सरळ केलं. मग म्हणाले, "आठवड्यातून एक दिवस दुकान बंद. उभं राहायचं, चालायचं आणि लांब बघायचं. सुईच्या टोकाकडे बघून बघून तुमच्या मानेचा गळ झालाय."

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "लांब काय बघू? दुकानासमोर बेकरीची भिंत आहे."

बायकोने आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावला. थोरलीचा नवरा तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होता. निवृत्त झाल्यापासून तो दर बुधवारी समुद्रावर गळ टाकायला जायचा, उरलेले सहा दिवस घरात असायचा, आणि थोरलीला त्या सहा दिवसांचीच काळजी होती.

"हे दिवसभर माझ्या मागे 'पुढे सरका, पुढे सरका' करत असतात," ती म्हणाली. "तुझा नवरा तर चकार शब्द काढत नाही. दे पाठवून. जोडी जमेल."

साडूंना हे ठरल्यावर कळवण्यात आलं. साडू हे नातंच तसं आहे. रक्ताचं नाही, निवडलेलं नाही; दोन बहिणींनी आपापला माणूस पसंत केला, आणि त्या दोन माणसांनी जन्मभर एका फोटोत शेजारी शेजारी उभं राहायचं. पंचवीस वर्षांत हे दोघे एकमेकांशी हवापाण्यापलीकडे बोलले नव्हते.

कंडक्टरची जागा ठरलेली होती. धक्क्याचं शेवटचं टोक. तिथे तो आपली घडीची खुर्ची मांडायचा, काठी मागे नेऊन असा काही झोका घ्यायचा की धक्क्यावरचे लोक खाली बसायचे, आणि शिशाचं वजन लावलेला गळ लांब, फार लांब जाऊन पडायचा. "जितकं लांब तितका मोठा मासा," तो सांगायचा. शिशाची वजनं तो स्वतः लाल रंगवायचा, ओळखू यावीत म्हणून. माशांनाही त्याने नावं दिली होती. तळाशी वाळूत अंग चोरून बसणारा चपटा मासा म्हणजे 'फुकट्या'. कधीतरी अचानक येऊन सगळ्यांची तारांबळ उडवणारा मोठा रुपेरी मासा म्हणजे 'इन्स्पेक्टर'.

आठ बुधवार झाले. या आठ बुधवारांत एक खेकडा, एक रबरी बूट आणि बोटाएवढा एक फुकट्या मिळाला. खेकडा आणि फुकट्या त्यांनी परत सोडून दिले. बूट कंडक्टरने ठेवून घेतला. जोडीचा कधीतरी येईल म्हणाला.

टेलरला मासे न मिळण्याचं दुःख नव्हतं. पाठ बरी होत होती, लांब बघून होत होतं. पण त्याचा स्वभाव कारण शोधायचा. कोट खांद्यात ओढत असेल तर चूक खांद्यातच असते असं नाही, कधी कधी ती बगलेत असते, आणि ती सापडेपर्यंत त्याला झोप लागायची नाही. समुद्रात चूक कुठे आहे ते त्याला दिसत नव्हतं, कारण वर सगळीकडे सारखंच पाणी.

नवव्या बुधवारी कंडक्टरला सर्दी झाली. टेलर एकटाच निघाला, आणि निघताना भरती-ओहोटीच्या तक्त्यात त्याने चुकीचा रकाना वाचला. भरती म्हणून जी वेळ बघितली ती ओहोटीची होती. त्यातून अमावास्या नुकतीच झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस. या दिवसांत तिथे पाणी दुमजली घराएवढं चढायचं आणि तितकंच उतरायचं. भर दुपारी एक वाजता तो किनाऱ्यावर पोचला तर समुद्र जागेवर नव्हता.

पाणी इतकं मागे गेलं होतं की क्षितिजाखाली नुसती एक पांढरी रेघ दिसत होती. धक्का उंच कोरड्या खांबांवर उघडाबोडका उभा होता. टेलरने काठी खांद्यावर टाकली आणि तो चालत चालत त्या टोकाखाली गेला, जिथे वरून आठ आठवडे त्यांनी गळ टाकले होते.

तिथे काहीच नव्हतं. सपाट, कडक वाळू. झाडून काढलेल्या खोलीसारखी. ना शेवाळ, ना शिंपला, ना खेकड्याचं बीळ. आणखी साठ-सत्तर पावलं पुढे एक जुनी जाड साखळी अर्धी वाळूत रुतून पडली होती. तिच्या कड्यांत दोऱ्यांचं जंजाळ अडकलं होतं आणि त्या जंजाळात लाल वजनं लटकत होती. टेलर उकिडवा बसला आणि त्याने ती एकेक सोडवून घेतली. सव्वीस होती.

"काय हरवलं?" मागून कोणीतरी विचारलं.

शिंपले गोळा करणारी बाई होती, सत्तरीला टेकलेली. गुडघ्यापर्यंत बूट, एका हातात लोखंडी आकडी, दुसऱ्या हातात पत्र्याची बादली.

"हरवलं नाही, मावशी. सापडलं," टेलर म्हणाला. "मासे कुठे असतात ते बघतोय."

"आत्ता? आत्ता ते तिकडे बाहेर आहेत." तिने आकडीने पांढऱ्या रेघेकडे दाखवलं. "पण परत येतील, आणि येतील ते जेवायला. तू जेवणाची जागा बघ. माणूस कधी रिकाम्या खोलीत जेवायला बसतो का?"

मग तिने त्याला फिरवून आणलं. किनाऱ्याजवळच कालवांनी मढलेला एक लांबट खडक होता; त्याच्या कडेने पाण्याने कोरलेला चर गेला होता, कमरेएवढा खोल. चराच्या तळाशी अजून पाणी होतं आणि त्यात कोळंबीची पिल्लं टणाटण उडत होती. खडकाच्या कोपऱ्यावर चर एकदम वळत होता आणि तिथे पाण्याने एक डबकं खणलं होतं. डबक्याच्या काठावर खेकड्यांची बिळंच बिळं.

"भरतीचं पाणी आधी या चरात शिरतं," मावशी म्हणाली. "आणि पाण्याबरोबर मासे. वाळूवर पाणी चढेपर्यंत ते इथेच चरत असतात."

टेलरने किनाऱ्याकडे बघितलं. कोरडी वाळू तिथून जेमतेम पंचवीस पावलांवर होती. कंडक्टर याच्या तिप्पट लांब फेकायचा.

"आणि एक ध्यानात ठेव," निघताना मावशी म्हणाली. "पाणी समोरून येतं असं सगळ्यांना वाटतं. इथे ते पाठीमागून येतं. चर आधी भरतात. पुढे जाशील तेव्हा परतायची वाट आधी बघून ठेव, मासे मग."

संध्याकाळी टेलर साडूच्या घरी गेला आणि वजनांची पिशवी टेबलावर ठेवली. कंडक्टरने नाक पुसलं, पिशवीत डोकावलं.

"ही तर माझी! कुठे मिळाली?"

"एका साखळीत. आठ आठवडे आपण त्या साखळीला जेवायला वाढत होतो."

"ती साखळी काल-परवा कोणीतरी टाकली असणार."

"तिच्यावर बोटभर कालवं चढलीत, साडूभाऊ."

आतून थोरली हसल्याचा आवाज आला. कंडक्टर एवढंच म्हणाला, "मासा तिथूनच जातो. तीस वर्षं मी माणसं बघितलीत, मला गर्दीचा मार्ग कळतो."

पुढच्या दोन महिन्यांत उधाणाच्या प्रत्येक ओहोटीला टेलर समुद्राच्या तळावर फिरला. कपडे बेतायचा खाकी कागद, खडू आणि खांद्यावर टेप. आपलं पाऊल सत्तावीस इंच पडतं हे त्याने दुकानातच मोजून ठेवलं होतं. कालवांचा खडक एकशे चाळीस पावलं लांब. चर दोन, एक खडकाजवळचा, दुसरा त्याच्याही पुढे, जास्त रुंद आणि जास्त खोल. दुसऱ्या चरापलीकडे वाळूचा मोठा उंचवटा, कासवाच्या पाठीसारखा. उंचवट्याच्या डाव्या टोकापासून किनाऱ्याकडे एक दगडी कणा तिरपा येत होता. वर शेवाळ असलं तरी पाय ठेवायला भक्कम. टेलरने तो कागदावर टाक्यांच्या रेघेने दाखवला. कागद दुकानात भिंतीला लागला. गिऱ्हाइकांना वाटायचं, कोणाच्या तरी अंगरख्याचा बेत आहे, आणि तो माणूस बेढब असणार.

मग एका बुधवारी, ओहोटी उलटून दीड तास झाल्यावर, तो खडकाच्या कोपऱ्यासमोर कोरड्या वाळूवर उभा राहिला. कंडक्टरला बोलावून झालं होतं. "पंचवीस पावलांवर गळ टाकायचा तर मी घरी बादलीत टाकतो," असं म्हणून तो धक्क्यावर गेला होता.

टेलरने खेकड्याचा तुकडा लावला, हलकंसं वजन लावलं आणि दोरा अलगद सोडला. चर भरत होता. पाणी पिवळसर, फिरतं. दहा मिनिटं काही झालं नाही. मग काठीच्या टोकाने दोनदा मान हलवली, जशी दुकानात माप देताना लाजरी माणसं हलवतात, आणि तिसऱ्यांदा काठी थेट खाली वाकली. टेलरच्या तोंडून "अरे अरे अरे!" निघालं. त्याने मासा ओढला म्हणण्यापेक्षा तो मागे मागे चालत गेला आणि मासा त्याच्या पाठोपाठ वाळूवर आला. हातभर लांब, रुपेरी, कल्ले उघडमीट करणारा. इन्स्पेक्टर होता. साडेचारपर्यंत आणखी दोन मिळाले. त्यानंतरचा एक सुटला तेव्हा त्याला वाईटही वाटलं नाही.

एक मासा थोरलीकडे गेला. कंडक्टरने तो खाल्ला, पुन्हा वाढून घेतला आणि हात धुताना म्हणाला, "काटे फार होते."

पुढच्या उधाणाला त्याने धक्का सोडला. पण साडूच्या जागेवर जाऊन उभा राहील तर तो कंडक्टर कसला! धक्क्यावरून त्याला त्या लांबच्या उंचवट्याजवळ मासे उसळताना दिसले होते. ओहोटीला, दोन्ही चर जवळजवळ कोरडे असताना, तो खुर्ची, काठी आणि डबा घेऊन निघाला.

"साडूभाऊ, तिथे मागचा चर आधी भरतो," टेलर म्हणाला. "जायचंच तर या बाजूने, दगडावरून जा. मी दाखवतो."

"तीस वर्षं लोकांना चढवलं-उतरवलं मी. मला उतरायला शिकवता?"

तो गेला. टेलर आपल्या कोपऱ्यावर थांबला, पण त्या दिवशी त्याचं लक्ष गळाकडे नव्हतं. मावशी थोड्या अंतरावर शिंपले धूत होती. तीही मधून मधून मान वर करत होती. उंचवट्यावर कंडक्टर पाठमोरा बसला होता, तोंड समुद्राकडे. एकदा त्याने काहीतरी चमकणारं वर धरून दाखवलं. मासा मिळाला होता. त्याला मासा मिळाला याचा टेलरला मनापासून आनंद झाला, आणि त्याच क्षणी त्याने पाहिलं की दुसऱ्या चरात उजवीकडून पाणी शिरलंय. आवाज न करता, चालत्या माणसाच्या वेगाने.

तो ओरडला. वारा समुद्राकडून होता. आवाज त्याच्याच तोंडावर परत आला. मावशीही ओरडली. कंडक्टर गळाला नवं आमिष लावत बसला होता.

तो वळला तेव्हा चर छातीएवढा भरला होता. खुर्ची काखेत मारून तो तरातरा उतरला, पाण्यात चार पावलं आला, कमरेला प्रवाह लागताच डगमगला आणि मागे फिरला. पुन्हा दुसरीकडून उतरला. पुन्हा मागे. उंचवटा त्याच्या भोवती लहान होत चालला होता. लांबून तो इतका छोटा दिसत होता, आणि तरी घाबरलेला आहे हे त्याच्या खांद्यांवरून टेलरला कळलं. खांदे तो आयुष्यभर वाचत आला होता.

"तो सरळ येणार," मावशी म्हणाली. "आणि सरळ आला तर गेला."

टेलरने तिची बादली उचलली, शिंपले वाळूवर ओतले, आणि शिशाचं वजन हातात घेऊन बादलीवर हाणलं. टण्ण! एकदाच. पत्र्याचा तो कडक आवाज वाऱ्यातूनही पार गेला. पाण्यात शिरू पाहणारा कंडक्टर जागच्या जागी थांबला. एक घंटा म्हणजे थांबा; हे त्याच्या हाडात होतं.

टेलरने दोन्ही हात डावीकडे केले. मग बादलीवर दोनदा. टण्ण टण्ण! कंडक्टर डावीकडे चालू लागला. किनाऱ्यापासून दूर जातोय असं त्याला वाटलं असणार, तो घुटमळला. टण्ण टण्ण! गेला. उंचवट्याचं टोक आलं. टण्ण! थांबला.

"मावशी, तुम्ही पाण्याच्या कडेला उभ्या राहा," टेलर म्हणाला. "मी वीस पावलं मागे उभा राहतो. दगडाच्या रेषेत." कागद दुकानात होता, पण त्याची गरज नव्हती. रेष त्याच्या पायांना पाठ होती. दोघं एकामागे एक उभे राहिले आणि टेलरने हाताने खूण केली: आमच्याकडे, सरळ.

कंडक्टरने दगडावर पाय ठेवला. पाणी मांडीपर्यंत होतं. पाऊल चुकून बाजूला गेलं की टेलर त्याला मावशीच्या आडून डावीकडे किंवा उजवीकडे बाहेर आलेला दिसे, आणि बादली एकदा वाजे. तो थांबे, चाचपडे, पुन्हा रेषेत येई. मग दोनदा. मधे एका ठिकाणी पाणी छातीला लागलं तेव्हा त्याने खुर्ची सोडून दिली. खुर्ची उलटी होऊन वाहत गेली. काठी मात्र सोडली नाही, आणि दोऱ्याला बांधलेला मासाही नाही.

शेवटची वीस पावलं टेलर पाण्यात शिरून त्याच्याकडे गेला आणि त्याने त्याचं मनगट धरलं. दोघं वाळूवर येऊन बसले. कंडक्टरचे दात वाजत होते. मावशीने आपली शाल त्याच्या अंगावर टाकली आणि ती वाळूवर पसरलेले शिंपले वेचू लागली.

दात वाजायचे थांबल्यावर कंडक्टर म्हणाला, "धाकटीला सांगू नका."

धाकटी म्हणजे टेलरची बायको. तिला सांगितलं की थोरलीला कळणारच.

"कपडे ओले आहेत. खुर्ची नाही," टेलर म्हणाला. "काय सांगू?"

"पाय घसरला सांगा."

"बरं. पाय घसरला."

पण घरी पोचल्यावर कंडक्टरने स्वतःच सगळं सांगून टाकलं, दोनदा, हातवाऱ्यांसकट, आणि प्रत्येक वेळी पाणी थोडं जास्त खोल होत गेलं. थोरली आधी रडली, मग चिडली, मग तिने धाकटीला फोन केला आणि पुन्हा रडली. टेलरच्या पानात त्या रात्री माशाचा मधला, सगळ्यात मोठा तुकडा पडला.

दोन दिवसांनी कंडक्टर दुकानात आला आणि गिऱ्हाइकाच्या बाकावर बसला. शिलाईचं मशीन थांबेपर्यंत तो गप्प राहिला. त्याच्या बाबतीत हे नवलच होतं.

"तो कागद जरा समजावून सांगता?" तो म्हणाला.

टेलरने कागद भिंतीवरून काढून टेबलावर पसरला. कंडक्टरने चष्मा लावला. त्याने बोट खडकावरून, चरावरून, टाक्यांच्या रेघेवरून फिरवलं. "म्हणजे मी इथे होतो," तो हळूच म्हणाला. "आणि वाट इथे होती." थोड्या वेळाने त्याचा मूळचा आवाज परत आला. "याला थांब्यांची नावं नाहीत? असं कसं चालेल? माणसाला सांगणार काय, 'तिकडे त्या बाजूला'?"

पुढच्या ओहोटीला दोघं मिळून गेले. कंडक्टर मोठ्याने पावलं मोजायचा, टेलर खुणा करायचा. खडकाच्या कोपऱ्याला 'खानावळ' नाव पडलं. दगडी कण्याच्या सुरुवातीला 'मावशी थांबा'. उंचवट्याचं नाव कंडक्टरने स्वतः ठेवलं: 'शेवटचा थांबा'. तिथे आता ते दगडावरूनच जायचे, घड्याळ बघून जायचे, आणि चरात पाणी घोट्याएवढं झालं की कंडक्टरच आधी "चला चला, उतरून घ्या" म्हणून उठायचा. मासे काही दिवशी मिळायचे, काही दिवशी नाही. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी सुस्त असताना, ते नुसते बसून गप्पा मारायचे. पंचवीस वर्षांत साठलेलं बरंच काही होतं. टेलरला बोलता येतं हे कंडक्टरने घरी जाऊन बायकोला नवलाने सांगितलं.

मग वादळाचे दिवस आले. तीन दिवस समुद्राने किनारा नुसता घुसळला. चौथ्या दिवशी दोघे साडू गेले तेव्हा मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती. उंचवटा अर्धा वाहून गेला होता. दुसरा चर बुजला होता आणि धक्क्याच्या पायाशी, जिथे पूर्वी झाडून काढल्यासारखी वाळू होती, तिथे एक नवा खोल चर पडला होता.

"तुमचा कागद गेला," मावशी म्हणाली. "इथे असंच. वाळूचं कोणी सांगावं?"

टेलर बराच वेळ बघत राहिला. दोन महिन्यांची पायपीट. त्याला वाईट वाटायला हवं होतं. तो त्याची वाट बघत होता, पण तसं वाटेना. उलट त्याच्या हाताला खडू हवासा वाटला.

"मी म्हणत होतो ना, मासा धक्क्याजवळूनच जातो!" कंडक्टर म्हणाला. "फक्त मी थोडा आधी आलो होतो."

त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, नव्या चराच्या काठावर उभा राहिला आणि हाक मारली, "टेलरसाहेब, कागद काढा. इथपासून एक!"

टेलरने पिशवीतून कोरा खाकी कागद काढला, वाळूवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार लाल वजनं ठेवली आणि तो पाठ ताठ ठेवून गुडघ्यांवर बसला.

"बोला," तो म्हणाला.